श्रद्धांजलीखालचा माझा फॉर्म

चहा निवला तरी चालेल, पण माझा हा पराक्रम ऐकाच. फक्त ऐकून झाल्यावर मला एकटीला घरी पाठवू नका!

कॅनडात शिकून मी सिंगापूरला आईबाबांकडे परतले, ती डोक्यात वेड घेऊनच. इथल्या एकट्या आजी-आजोबांना कोणीतरी भेटायला गेलंच पाहिजे! लगेच वेबसाइट केली. वर ठळक शीर्षक, ‘एकट्या ज्येष्ठांसाठी’. खाली फॉर्म: कोणाला भेटायचं आहे? कुठे? काही निरोप? भरला की उत्तर यायचं, ‘नोंद झाली. लवकरच भेट घडवून आणू!’

पण माझ्या साइटवर येतंय कोण? मग मी फॉर्मचा कोड वाटत सुटले. तो दुसऱ्या साइटच्या पानात चिकटवला की फॉर्म तिथेही दिसतो. मराठी मंडळाची साइट सांभाळणाऱ्या सुधीरकाकांना म्हटलं, “काका, जागा दिसेल तिथे लावा!”

“लावतो की! एका पानावर भरपूर जागा आहे.”

कोणतं पान, हे विचारायला नको? नाही विचारलं!

पहिली नोंद आली शहराच्या जुरोंग ईस्ट भागातून. कोणाला भेटायचं? ‘ह्यांना.’ निरोप? ‘संध्याकाळी या. दार लोटलेलंच ठेवते.’

आजोबा अंथरुणाला खिळलेले असणार, असं धरून मी शिऱ्याचा डबा घेऊन निघाले. ही भेट नीट झाली, तरच मंडळ मदतीला माणसं देणार होतं.

लांबलचक कॉरिडॉर. सगळी दारं बंद, एकच लोटलेलं. ढकललं. आत दिवा नाही, उदबत्तीचा वास, टेबलावर वाफाळणारे दोन कप. आणि अंधारातून आवाज आला, “अहो, आलात?”

मी डबा ढालीसारखा पुढे धरला.

खुर्चीत एक आजी होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत होत्या. “तू एकटीच? हे कुठे राहिले?”

मी गर्रकन वळले. कोणी नव्हतं!

“आजी, मी... आजोबांनाच भेटायला आलेय.”

“मीसुद्धा त्यांचीच वाट बघतेय!”

तेव्हा मला भिंतीवरचा फोटो दिसला. ताजा हार घातलेला.

आजींनी शांतपणे फोनवर पान दाखवलं. मंडळाचं श्रद्धांजलीचं पान! दिवंगतांचे फोटो आणि त्यांच्याखाली माझा फॉर्म. शीर्षक माझ्या साइटवरच राहिलेलं. इथे नुसतंच, ‘कोणाला भेटायचं आहे?’

“वेड नाही लागलेलं मला,” आजी म्हणाल्या. “पण इतक्या आपुलकीने कोणी विचारलंच नव्हतं गं. म्हटलं, लिहून तर बघू. बस, चहा गार होतोय.”

त्यांच्या ह्यांच्या कपातला चहा मी प्यायले. काय करणार?

परतताना एमआरटी ट्रेनमध्येच मी चूक सुधारली. नवं शीर्षक थेट फॉर्मच्या आत घातलं: ‘आम्ही लवकरच येतोय!’ लोकांना विश्वास वाटावा म्हणून खाली माझं नाव आणि हसरा फोटोही. मूळ फॉर्म बदलला की चिकटवलेला सगळीकडे आपोआप बदलतो! या हुशारीच्या भरात, तो श्रद्धांजलीच्या पानावरून काढायला काकांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

सकाळी घरचा फोन थांबेना. लोक आईला दबक्या आवाजात विचारत होते, “अहो, कधी झालं?”

शेवटचा फोन जुरोंगच्या आजींचा. तो मी उचलला.

“अगं कार्टे, ह्यांना इकडे आण म्हटलं होतं. तू कशाला तिकडे निघालीस?”