डोळ्यातलं द्राक्ष

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्म्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! सेलूत दवाखाना टाकल्यापासून माझ्याकडे तर पोतंभर जमलेत. त्यातले निम्मे एकाच आजाराचे, युव्हायटिसचे! म्हणजे डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांच्या पडद्याला आलेली सूज.

वालूरच्या एका आजोबांना मी हौसेनं सांगितलं, "या पडद्याला युव्हिया म्हणतात. म्हणजे द्राक्ष! सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो ना."

महिन्यानं सूज उतरली. आजोबांनी हात जोडले. "मॅडम, आता तरी द्राक्षं खाऊ का? घरात कुनालाच खाऊ दिली न्हाईत!"

*

मग ठरवलं, शुद्ध मराठीत बोलायचं. शब्दकोशात आयरिसला, म्हणजे बुबुळाच्या रंगीत भागाला, झकास शब्द सापडला: परितारिका. मानवतचे एक रिटायर्ड गुरुजी आपला डोळा दाखवायला बायकोला सोबत घेऊन आले होते. मी गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, सगळा त्रास परितारिकेमुळे आहे."

गुरुजी खूश! काकूंनी मात्र मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"कोन म्हनायची ही? आन् कदीपासून हाय?"

*

आमच्या नर्स सुमनताई साध्या शब्दांच्या. डोळ्यातली बाहुली पसरवणारे ड्रॉप टाकून एका काकांना म्हणाल्या, "बाहुली मोठी होईपर्यंत बाहेर बसा."

काका घाबरले. "बाई, माझी तीनची बस हाय!"

*

रुक्मिणबाई आल्या तेव्हा मात्र मला हसू सुचलं नाही. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. उजवा डोळा लालभडक, सुजेनं आयरिस मागच्या भिंगाला चिकटलेली.

"सुईत दोरा जाईना, मॅडम. शिवन बंद पडलं तर मी काय करू?"

लय उशीर केला होता. नजर किती परत येईल, मलाच ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाले, "तासातासाला ड्रॉप. एकही चुकवायचा नाही."

त्यांनी चुकवला नाही. महिन्यानं तपासायला आल्या. मी त्यांचा डावा डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. बाई तिकडे बघेचनात! माझ्याकडेच टक लावून बसल्या.

"रुक्मिणबाई, काहीच दिसत नाही का?"

"दिसायलंय की," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोटाची ही तिसरी गुंडी निळ्या दोऱ्यानं कोन लावली हो?"