टेपकाकूंची दोन बोटं

टेपकाकूंनी सव्वीस वर्षं गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं घेतली, पण एकीचंही माप बाहेर फुटू दिलं नाही. केवढ्या बातम्यांना मुकलो आपण! पुढे सुईत दोरा ओवायला डोळ्यांनी नकार दिला, तेव्हा नगरपालिकेत झाडं मोजायचं काम निघालं. काकूंनी अर्ज ठोकला.

काम असं, की शहरातल्या प्रत्येक झाडाचं संगणकात एक जुळं भावंड तयार करायचं. बुंध्याचा घेर, उंची, जात भरली की ते पडद्यावर उभं राहतं, वाढतं, घेरावरून फांद्यांचा पसारा धरून सावलीसुद्धा पाडतं. कुठला रस्ता दुपारी भाजतो ते त्यावरून कळतं आणि नवी झाडं तिथेच लागतात. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, हे ऐकून काकू खूश. "छातीचंच माप की! शिवाय हे गिऱ्हाईक पोट आत ओढत नाही."

आठशे झाडं मोजून झाली. बुधवारी नकाशावाल्या साहेबांनी दुपारी एकची सावली पडद्यावर आणली. नव्या झाडांची यादी शुक्रवारी पक्की होणार होती.

"काकू, तुमच्या गल्लीला झाडांची गरजच नाही. बसथांब्यावर बघा कशी गार सावली!"

काकूंनी चष्मा पुसला. त्याच थांब्यावर रोज एक वाजता त्यांच्या सासूबाई दवाखान्याच्या बसची वाट बघत, डोक्यावर पिशवी धरून सुनेचा उद्धार करत असतात.

"साहेब, तिथे सावली नाही. तिथे आमच्या सासूबाई असतात."

"मग माप चुकलं असेल."

हे मात्र काकूंना उभ्या आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. त्या फणकारून काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या हातावर गेली. वाढत्या पोराचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं घालायची, म्हणजे कपडा वर्षभर पुरतो. हात तीच सवय झाडांवर चालवत राहिला होता! थांब्यावरच्या काडीएवढ्या चार झाडांना ती दोन बोटं म्हणजे केवढी तरी. संगणकाने पोरांना कर्तीसवरती माणसं समजून सावलीला जुंपलं होतं.

"चूक माझीच, साहेब. ढिलाई जास्त दिली."

"मग सगळ्याच मापांतून दोन बोटं वजा करू. मिनिटाचं काम."

"अजिबात नाही! म्हाताऱ्या झाडांना मी घट्ट घेतलंय, त्यांचं कुठे अंग वाढायचंय? लहान झाडं तेवढी परत मोजते."

"तीनशे आहेत, काकू. शुक्रवारपर्यंत?"

"शाळा उघडायच्या आठवड्यात तीनशे गणवेश कापलेत मी."

मग दोन दिवस काकू पुढे आणि पाण्याची बाटली घेऊन काका मागे, अशी वरात सगळ्या गल्लीने पाहिली. तीस वर्षांत काका इतके चाललेले कुणाच्या ऐकिवात नाही. थांब्याशी काकू पोचल्या ते नेमक्या एक वाजता.

"चार काड्या मोजायला एवढा वेळ?" सासूबाई म्हणाल्या. "मला सावली कधी मिळणार?"

"शुक्रवारी कळेल, आई."

"तोवर तू जरा या बाजूला उभी राहा. बरीच रुंद आहेस."

काकू राहिल्या उभ्या, बस येईपर्यंत.

शुक्रवारी खोटी सावली पुसली जाऊन पडद्यावरचा थांबा हिरव्याचा लालभडक झाला आणि यादीत पहिला लागला. पाच मोठी रोपं! साहेबांनी विचारलं, "खड्डे केवढे खणायचे?"

काकूंनी दोन्ही हात पसरून दाखवले. मग म्हणाल्या, "वर दोन बोटं जास्त. इथे चालतात."