शेजारणीकडून परत आलेला पाटा

शेजारणीने पाटा-वरवंटा परत आणून दिला, तेव्हा मी हसून मान हलवली आणि ती गेल्यावर त्याच्यावर फडकं टाकलं. तो माझा नव्हता. निदान माझी तशी खात्री झाली होती, आणि नातीचं बारसं बारा दिवसांवर आलं होतं.

माझा पाटा काळा. मधे खोलगट, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला. हा करडा होता, खरखरीत, अंगभर तिरक्या रेघा. वरवंट्याचंही तेच. मालक गेल्यावर मुलाने मला इंग्लंडात, लेस्टरला बोलावलं, तेव्हा साड्या कमी करून मी ही जोडी बॅगेत घातली होती. मुलगा म्हणाला होता, "आई, इथे मिक्सर आहे गं." मिक्सर असेल. पण याच वरवंट्याला कुंची घालून आम्ही त्याच्या बारशाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवला होता, आणि मग त्याला. आता त्याच्या मुलीला दुसऱ्याच कुणाच्या दगडामागून कसं फिरवायचं?

शेजारीण मलेशियाची. भिंतीला भिंत लागून घर, डोक्याला रुमाल, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. नात झाल्याचं कळल्यावर ती वाटीभर गोड घेऊन आली. त्या दिवशी सुनेच्या बाळंतपणाच्या वॉर्डातली एक नर्सही बाळ बघायला आली होती, ती फिलिपिन्सची. मी कोपऱ्यात खोबऱ्याची चटणी वाटत होते. शेजारणीने पाटा पाहिला, सरळ जमिनीवर बसली, त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "बातू!"

नर्स सोफ्यावरून वळली. "बातो? यू से बातो?"

"बातू, बातू!"

आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवून हसायला लागल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या.

सूनही हसली. मला म्हणाली, "आई, दोघींच्या भाषेत दगडाला एकच शब्द आहे. किती मजा ना?"

मला मजा वाटली नाही. एक म्हणते मी मलेशियाची, दुसरी म्हणते मी फिलिपिन्सची, आज पहिल्यांदा भेटलो म्हणतात, आणि दगड म्हटल्यावर दोघींच्या तोंडून एकच निघतं. आमच्या माहेरापासून दोन कोस पूर्वेला कानडी गावात गेलं की दगडाचा कल्लू होतो. इथे बाजारात गुजराती बायका पत्थर म्हणतात. दोन कोसांत शब्द बदलतो, आणि यांचा अख्खा समुद्र ओलांडून बदलत नाही? या आधीपासून ओळखीच्या असणार, असं मी मनात धरलं. काय साधायचं होतं त्यांना, ते मला सांगता आलं नसतं. पण माणूस लपवतो तेव्हा काहीतरी असतंच.

जाताना शेजारणीने दगड आठवड्यासाठी मागितला. ईद होती, मसाला वाटायचा होता. सुनेने मला न विचारता हो म्हटलं. मी नंतर कुरकुरले तर म्हणाली, "अहो आई, दगडच आहे. कोण खाणार आहे तो?"

मग दोन दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक, टक. थांबे, पुन्हा टक टक. मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत बसले. फोडते आहे, मी म्हटलं. नाहीतर फुटलाय, आणि आता दुसरा घडवते आहे.

संध्याकाळी मुलाला विचारलं, "अरे, त्या दोघी खरंच वेगळ्या देशांतल्या आहेत का?"

तो हसला नाही, हे त्याचं बरं आहे. त्याने फोनवर नकाशा काढला. चौथीत आम्हाला महाराष्ट्राचा नकाशा होता, एवढं निळं मी कधी पाहिलं नव्हतं. तो बोट फिरवत गेला. "हे मलेशिया, बातू. हे फिलिपिन्स, बातो. हे फिजी, इथे वातू. आणि हे बघ, पार इकडे आफ्रिकेजवळ, मादागास्कर. इथे वातो."

"इतक्या लांब?"

"होड्यांतून गेले हे लोक, हजारो वर्षांपूर्वी. गेले तिथे आपली भाषा नेली. पुढे बाकीचे किती शब्द बदलले, हा जवळजवळ तसाच राहिला."

"कशावरून?"

"अगं, लोकांनी अभ्यास केलाय."

लोकांनी केला असेल. माझ्या मनात आलं, मग तर या सगळ्या एकाच घरातल्या झाल्या. एकमेकींना सामील असायला ओळख कशाला लागते?

दुसऱ्या दिवशी दगड परत आला, तो असा. मी त्याचा वास घेतला. धुतलेला होता, तरी कसलातरी वास होता. सुकट? त्याहून वाईट काही? यावर आणखी काय काय वाटलं असेल, ते मनात येऊ दिलं नाही आणि येत राहिलं. वरवंट्याची दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा बघितली. टोकांना रेघा नव्हत्या. ती माझ्या वरवंट्यासारखीच वाटत होती, पण सगळ्या वरवंट्यांची टोकं तशीच असतात.

दोन दिवसांनी सून आमंत्रणाची यादी करत होती. मी म्हटलं, "शेजारच्या बाईला नको बोलावू."

"का हो?"

"आपल्या देवाधर्माचं असतं. तिला अवघडल्यासारखं होईल."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेनाने एक ओळ खोडली. ते पाहून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

शेजारणीची वाटी आमच्याकडे राहिली होती. ती द्यायच्या निमित्ताने बघून यावं, माझा पाटा तिथे दिसतो का, असं ठरवून मी एकटी गेले. एकटीने कुणाच्या दाराशी जायची मला सवय नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा तीच मागच्या अंगणात दिसली आणि तिने हाताने बोलावलं.

अंगणात बादली उपडी घातलेली, शेजारी छिन्नी आणि हातोडी. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर दगडाचा चुरा अजून तसाच. काळा. मी वाकून चिमटीत घेतला. तिच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, छिन्नी उचलली आणि अंगणातल्या फरशीवर तिरकी टेकवून हलक्या हाताने मारून दाखवलं. टक, टक, टक. मग म्हणाली, "माय फादर," आणि पुन्हा मारून दाखवलं.

टाकी. बाईने माझ्या पाट्याला टाकी लावून दिली होती, छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत केला होता. माहेरी वर्षातून एकदा टाकी लावणारी बाई गल्लीतून ओरडत जायची आणि घराघरांतून पाटे बाहेर निघायचे. ती ठिपके पाडायची, ही रेघा ओढते, एवढाच फरक. आणि काळ्या दगडाला टाकी लागली की तो करडा दिसणारच. मला हे ठाऊक होतं. इतकी वर्षं पाटा गुळगुळीत झालाय म्हणून मीच रडत होते, आणि इथे कुणाला येणार म्हणून कधी विचारलं नव्हतं.

तिने घरातून मूठभर तांदूळ आणले. वाटल्यासारखं केलं, मग फेकून दिल्यासारखं. नवी टाकी लावली की आधी तांदूळ वाटून टाकायचे, कच निघून जाते. हे मिक्सरवालीला सुचत नाही.

माझ्या तोंडून थँक्यू निघालं, ते तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. आता खोडलेली ओळ मलाच पुन्हा लिहायची होती, आणि सून जवळ नव्हती. मी दोन हातांचा पाळणा केला. "बेबी." मग वरवंटा धरल्यासारखं केलं. "बातू." बातूला टोपरं बांधलं. बातू पाळण्याच्या वरून नेला, खालून काढला. "यू," मी तिला बोट दाखवलं, "कम."

तिने हळूच छिन्नी बाजूला ठेवली. "बातू... ऑन बेबी?" तिने विचारलं आणि एक पाऊल मागे सरकली. तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं, ते गेला आठवडाभर माझ्या डोळ्यांत असणार.

संध्याकाळी सुनेने जाऊन समजावलं. परत आल्यावर पोट धरून हसत होती. "आई, तुम्ही दगड घेऊन बाळाच्या मागे लागलाय असं तिला वाटलं हो!"

बारशाला ती आली, रेशमी रुमाल बांधून. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. कुंची घातलेला वरवंटा मी वरून दिला, तिने खालून परत दिला. हातात आला तशी मी कुंची जरा सारून त्याची टोकं बघितली. का बघितली, सांगता येत नाही. माझा हात आपोआप गेला.

तिने ते पाहिलं. शांतपणे पाळण्यावर वाकली, बाळाच्या तोंडावरचं दुपटं दोन बोटांनी बाजूला केलं, पोर तेच आहे ना ते नीट निरखून बघितलं आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.