पुसून मोजणारे काका

माझ्या चुलतकाकांइतक्या हळू हाताचा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. दूरच्या एका अणुवीज केंद्रात जमिनीवर, टेबलांवर, बुटांवर, माणसांच्या तळहातांवर किरणोत्सारी धूळ लागली आहे का, ते तपासण्याची त्यांची नोकरी. उपकरण बोटभर वर धरून गोगलगाईच्या चालीनं फिरवायचं. टेकवलं तर धूळ उपकरणालाच लागते, घाई केली तर बीटा किरण हुकतात. ही चाल सुटीतही सुटत नसे. सीताबर्डीत शर्टाचं कापड घेताना काकांचा तळहात ठाणावरून असा अधांतरी सरकू लागला की दुकानदार म्हणाला, "साहेब, हात लावून पाहा नं, कपडा काही चावत नाही!" केंद्रात धूळ मोजायला पुसतात तशी जेवणाआधी ते कागदाच्या गोल चकतीनं फरशी पुसत, चकती उजेडात धरत आणि मगच बसत. आई वैतागे, "भाऊजी, काहून पुसून राहिले? आत्ताच पोछा मारला मी." काका ओशाळून हसत.

काका चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्यासाठी नागपूरजवळ वाडीला मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांनी चिवड्याची बशी पुढे केली आणि चाचरत विचारलं, "तिथलं काही तुमच्या अंगाले लागत तं नाही नं?" एक 'नाही' पुरलं असतं. काका विचार करून म्हणाले, "कधी कधी हाताले लागते. धुतो, पुन्हा मोजतो. आकडा उतरला की मगच बाहेर सोडतात." बशी हळूच मागे सरकली. परतताना आई चिडली, "नाही म्हणायले काय झालं होतं?"

"मोजल्याशिवाय नाही कसं म्हणू, वहिनी?"

गोष्ट नात्यात पसरली. लग्नकार्यात काकांच्या शेजारचा पाट रिकामा राहू लागला. पुढे कुणी मुलगी दाखवली नाही. आम्ही मात्र तसे नाही, असं मला वाटत असे.

माझी मुलगी तीन महिन्यांची होती. सुटी संपवून काका स्टेशनवर जायला रिक्षाची वाट पाहत बसले होते. बायकोनं चहा आणायला उठताना मुलगी सहज त्यांच्या मांडीवर ठेवली. काका ताठ झाले. "माह्याजवळ?" त्यांनी विचारलं. तेव्हा लक्षात आलं, आमच्या घरातलं एकही मूल कुणी कधी त्यांच्याकडे दिलं नव्हतं. मीसुद्धा.

मुलीनं त्यांचं बोट मुठीत धरलं आणि झोपून गेली. बाहेर रिक्षावाला हाका मारत होता. तिला उचलायला मी वाकलो.

"राहू दे गा," काका कुजबुजले, "आत्ताच डोळा लागला तिचा."

गाडीची वेळ टळून गेली. आम्ही कुणीच त्यांना आठवण करून दिली नाही.