फाउस्तिनोच्या नावाच्या तीन पावत्या

बर्फ पडला की ओतिलिया आधी फावडं काढायची, मग खुर्ची. दारासमोरची गाडीएवढी जागा उपसायची आणि मधोमध नवऱ्याची ती डुगडुगती खुर्ची मांडायची. शिकागोत ज्याने उपसलं त्याची जागा. खुर्चीला हात लावायची कोणाची छाती नाही. लावलाच, तर टायरची हवा गेली म्हणून समजा.

"अहो दोन्या ओतिलिया, गाडी दीड महिना गॅरेजात, मग जागा कोणासाठी अडवताय?" शेजारची सोकोरो खिडकीतून ओरडायची. "नवा नवरा येणारे की काय?"

"आला की पहिलं तुला सांगेन, जळायला!"

नवरा फाउस्तिनो जाऊन वर्ष झालं होतं. तो होता तेव्हा कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न वाजवायचा, आणि तव्यावरची तोर्तिया तशीच टाकून ओतिलिया सपाता फटफटवत खुर्ची उचलायला धावायची. "आले राजेसाहेब!" म्हणून रोज करवादायची. आता त्या दोन हॉर्नसाठी जीव नुसता तुटत होता.

गाडी अजून त्याच्याच नावावर होती. म्हणून 'बर्फाच्या दिवशी बंदी असलेल्या मोठ्या रस्त्यावर गाडी लावली' या दंडाची पहिली पावती त्याच्याच नावाने आली. पाकिटावरचं ते नाव तिने दोनदा वाचलं. वर्षभरात त्याला पत्र कोणी घातलं होतं? तिने ते उशाखाली ठेवलं. दुसरीही ठेवली. तिसरी आली तेव्हा मात्र डोकं फिरलं. गाडी गॅरेजात, आणि दंड मेलेल्या माणसाला?

तिने नगरपालिकेत फोन लावला. "गाडी ज्याच्या नावावर, दंड त्याला," तिथली बाई म्हणाली. "गॅरेजात होती म्हणता, तर गॅरेजचा कागद आणा. गाडी कधी आत घेतली, कधी तयार झाली, तारखांसकट."

कागद! गॅरेजवाला एलिहियो म्हणजे कोम्पाद्रे, तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला. तो तिचा कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे; हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट. तिथे कागद मागायचा म्हणजे तोंडात मारल्यासारखंच. तिने किल्ली दिली होती, त्याने खिशात टाकली होती, झालं.

तरी ती गेली. तिन्ही पावत्या त्याच्या पुढ्यात आपटल्या.

"कोम्पाद्रे, मेल्यावर तरी त्यांना सुखाने राहू द्या! लिहा कागद."

एलिहियोने हात पुसले. गाडी आत घेतल्याची तारीख लिहिली. 'तयार' या शब्दापाशी पेन अडलं.

"लिहा की!"

"कोमाद्रे… गाडी महिन्यापूर्वीच तयार झाली."

ओतिलियाने पावत्यांवरच्या तारखा पाहिल्या.

"आत जागा नव्हती, म्हणून समोरच्या मोठ्या रस्त्यावर लावली," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हाला कळवायचं रोज ठरवायचो. पण दुपारचा डबा मी तिच्यातच खायचो. फाउस्तिनोंच्या शेजारच्या सीटवर. रेडिओ त्यांनीच लावलेल्या स्टेशनवर आहे. तीस वर्षं दुपारचे एकत्र जेवलो हो आम्ही. गाडी गेली की संपलंच."

तिच्या जिभेवर शिवी आली होती. ती गिळली गेली, आणि डोळे भरून आले. माझ्याएवढं त्याच्यासाठी कोणी झुरत नाही, असं ती समजून चालली होती.

"दंड तुम्ही भरायचा," ती नाक ओढत म्हणाली.

"तिन्ही भरतो."

"आणि डबा घेऊन रविवारी घरी यायचं. किल्ली आणा."

सीट फाउस्तिनोच्या पायांइतकी मागे होती. तिचे पाय पोचेनात. मन घट्ट करून तिने ती पुढे ओढली आणि हळूहळू गाडी घरापर्यंत आणली.

दारासमोर खुर्ची उभी होती. तिने फाउस्तिनोसारखा दोनदा हॉर्न वाजवला आणि दाराकडे बघत थांबली.

मग तिच्या ध्यानात आलं, खुर्ची उचलायला जी धावत यायची, ती तर आज गाडीत बसली आहे.

मागच्या गाडीवाल्याने घाई केली. ओतिलिया उतरली आणि तिने खुर्ची उचलली.