वाघाटीसाठी राखलेला ऊस

डॉ. रत्नमाला साळवे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाची. दुष्काळाचे साल होते. गेवराई तालुक्यात गोदाकाठचा थोडा ऊस तेवढा तगला होता, आणि तो आमच्या सहकारी साखर कारखान्याला वेळेवर पोहोचवणे हे शेतकी अधिकारी म्हणून माझे काम होते. डॉक्टरबाई सरकारी पशुवैद्य. ऊसतोड टोळीचा बैल लंगडतो म्हणून त्या फडात आल्या होत्या.

शेवटच्या सऱ्या तोडताना पाचटात दोन पिल्ले सापडली. मुकादम दगडूबांनी ती लगेच पाटीत घातली. "बिबट्याची हायती. लांब नेऊन टाकतो, न्हाईतर आई आमाला सोडायची न्हाई." हे नेहमीचेच होते. बिबट्याची समजून पिल्ले कोणी मारी, कोणी दूर टाकी. आईवाचून ती जगत नसत. एका लहानशा रानमांजराच्या जातीचा आमच्या शिवारातून असाच नायनाट होत चालला होता.

डॉक्टरबाईंनी पाटीत पाहिले. "दगडूबा, वाघाटी हाय ही. मोठी झाली तरी घरच्या मांजरीपेक्षा लहान. पिल्लं होती तिथंच ठेवा, अन् एवढा ऊस सांजेपर्यंत उभा राहू द्या."

मी उसळलो. "कारखाना बंद पाडता का?"

"एका सांजेनं बंद पडतो व्हय तुमचा कारखाना?"

दगडूबांच्या पत्नी कौसाबाई यांचे तान्हे बाळ बांधावर झोळीत होते. त्या म्हणाल्या, "त्यांची आई येईस्तवर मी न्हाई कोयता धरायची."

मग सगळेच बांधावर बसलो. बाईंनी बैलाच्या खुरात औषध भरले, आपला डबा पोरांना वाटला. दिवेलागणीला तांबूस ठिपक्यांची इवलीशी मांजर आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून ओढ्याकडे घेऊन गेली. मला आनंदाने रडू फुटले.

पुढे दरवर्षी हंगामाआधी बाई पाटोदा, वडवणीच्या टोळ्यांना भेटत राहिल्या. संचालक मंडळाला त्यांनी अक्षरशः पिच्छा पुरवून पटवले. आज पिल्ले दिसली की आमच्याकडे ऊस राखला जातोच. शिवाय आमच्या टोळ्या परमुलखात जातात, तिथेही ही रीत घेऊन जातात. ओढ्याकाठी वाघाटी पुन्हा दिसू लागली आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवाला त्यांनी एकच अट घातली: समारंभ हंगाम संपल्यावर, कारण हंगामात पिल्ले सापडल्याचे फोन येतात. यंदाचा शेवटचा फोन झोळीतल्या त्या बाळाचा होता. तो आता मुकादम आहे. डॉक्टरबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या कानावर दर हंगामात त्याचे हेच शब्द पडोत: "बाई, आई आली. पिल्लं घिऊन गेली."