मोडायला राहिलेलं पातं

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिगवणला गाडीतून उतरत होतो. आदल्याच संध्याकाळी त्यानं मला दटावलं होतं, "उद्या वेळेवर ये, शेवटचं पातं मोडायचंय." बारामतीच्या कॉलेजात आम्ही उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रयोगशाळेत काढली. वेळेवर मी कधीच आलो नाही, आणि त्या दिवशी घाईनं पोचलो तर तोच नव्हता...

काचेचे धागे आणि रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणारी राळ, यांची हातभर लांब पाती तो बनवायचा. थरांमध्ये, एका अंगाला, एक खास तार असायची. ती तापली की आखडते, पातं वाकतं आणि निवलं की पुन्हा सरळ होतं. कळस गावी त्याच्या थोरल्या भावाचं, तात्यांचं, ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस आहे. लाइट गेली की पंखे बंद पडून मिरची होरपळायची. तिथं ऊन चढल्यावर आपोआप उघडणाऱ्या झडपा बसवायचा शशीनं ध्यास घेतला होता. पण पाती तो जोडीनंच करायचा, एक मोडायला आणि एक लावायला. पहिलं किती ताण सोसतं हे यंत्रावर मोडून पाहिल्याशिवाय दुसरं हातातून सोडायचा नाही. तात्या वैतागायचे, "आरं, उन्हाळा निम्मा सरला. चांगलं हाय ते मोडतुयास कशापायी?" शशी हसायचा. "हितं तुटलं तर माझं पातं जाईल, तात्या. तितं तुटलं तर तुमची मिरची."

दिवसकार्य उरकल्यावर ती शेवटची जोडी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. मोडायचं म्हणून त्यानं खूण केलेल्या पात्याच्या कडेला, रेझिनमध्ये, त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. सुनंदावहिनी त्यावरून बोट फिरवत बसल्या... मग म्हणाल्या, "भावजी, ह्येच मोडायचं हाय न्हवं?" मी म्हटलं, राहू द्या आता, दोन्ही तुमच्याजवळ ठेवा. त्यावर त्या चक्क चिडल्या. "आन् तात्यांना काय सांगू? न मोडता लावलेलं ह्यांना चाललं असतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी वहिनी प्रयोगशाळेत येऊन यंत्राशेजारी उभ्या राहिल्या. पातं वाकत गेलं, आणखी वाकत गेलं... तुटू नकोस रे, असं मी वेड्यासारखा मनात म्हणत होतो. शेवटी ते तुटलं, पण शशीनं धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पुढं जाऊन. मला रडू आवरलं नाही. वहिनींनी डोळे पुसले आणि तात्यांना फोन लावला, "लावा म्हणं बिनघोर."

दुसरं पातं आता कळसला आहे. मोडलेल्याचा ठशाकडचा तुकडा वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. परवा गेलो होतो. बोलता बोलता दुपारचं ऊन खिडकीत आलं, तुकडा तापला आणि त्याचं टोक हळूच वर उचललं गेलं. वहिनींनी तिकडं पाहिलं.

"चला, ह्यांची जेवायची येळ झाली," त्या म्हणाल्या, आणि पानं वाढायला उठल्या.